ट्रॅफिकच्या बातम्यांमधलं स्मारक

लंडनहून ऑक्सफर्डकडे जाणारा ए-४० रस्ता सकाळ-संध्याकाळ तुंबतो. वाहतुकीच्या बातम्यांत तेव्हा एक नाव हमखास येतं: पोलिश वॉर मेमोरियल. तिथपर्यंत रांग आहे, तिथून पुढे मोकळं आहे, वगैरे. रोज ते नाव ऐकणाऱ्यांपैकी अनेकांसाठी ती फक्त एका चौकाची खूण आहे. यात त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बसमध्ये 'एक हुतात्मा चौक द्या' म्हणताना आपल्या तरी डोळ्यांसमोर गोळीबार कुठे येतो?

गाडी बाजूला लावून आत गेलं तर दगडी स्तंभावर काशाचा गरुड दिसतो, पंख उचललेला, आता उडेल असा. गरुड हे पोलंडचं राजचिन्ह. मागच्या भिंतीवर नावांच्या ओळीच्या ओळी. शिल्पकार मिएचिस्वाव लुबेल्स्की स्वतः युद्धात जर्मनांच्या कैदेत राहून आलेला. स्मारकाचं अनावरण २ नोव्हेंबर १९४८ ला झालं. तेव्हा बाराशेच्या वर नावं कोरली होती, तीही फक्त प्रत्यक्ष मोहिमांवर मारले गेलेल्यांची. बाकीच्यांसाठी जागा नव्हती. सरावात कोसळलेले, अपघातात गेलेले यांची नावं यायला १९९० चं दशक उजाडलं.

पण लंडनच्या वेशीवर पोलंडचा गरुड आला कुठून? स्मारकाला लागूनच नॉर्थोल्टचा विमानतळ आहे. गोष्ट तिथली आहे, आणि ती तीन देश ओलांडून तिथे पोचते.

दोनदा हरून आलेली माणसं

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून घुसल्या. देश दोन्ही बाजूंनी चेपला गेल्यावर पोलिश हवाई दलाला हुकूम मिळाला: रोमानियात निघा. तिथल्या सरकारने त्यांना छावण्यांत डांबलं. पण पहारे ढिले होते, आणि पहारेकऱ्यांचे हात ओले केले की आणखी ढिले होत. खोटी कागदपत्रं, साधे कपडे, वय-धंदा काहीतरी ठोकून दिलेला. असं करत हजारो वैमानिक आणि मेकॅनिक काळ्या समुद्रावरच्या बंदरांतून, बाल्कन देशांतून फ्रान्सला पोचले.

फ्रान्सने त्यांना विमानं द्यायला वेळ लावला, आणि जून १९४० मध्ये फ्रान्सच पडला. पुन्हा बंदर, पुन्हा गर्दीचं जहाज. आता उरला होता फक्त ब्रिटन. पोलिश लोक त्याला 'शेवटच्या आशेचं बेट' म्हणत. त्यापुढे पळायला जमीनच नव्हती.

ब्रिटिश अधिकाऱ्यांना मात्र हे पाहुणे फारसे भरवशाचे वाटत नव्हते. पोलंडचं हवाई दल तीन दिवसांत जमिनीवरच नष्ट झालं, असा जर्मन प्रचार त्यांच्याही कानांवर गेला होता. तो खोटा होता. लढाऊ विमानं आधीच लपवलेल्या धावपट्ट्यांवर नेलेली होती आणि ती लढली. पण दोन देश गमावून आलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे वेगळं सांगायला नको.

एका देशात दुसऱ्या देशाचं हवाई दल

इथे एक कायद्याचा गुंता आहे. हे लोक नेमके कोणाचे सैनिक?

आधी ठरलं, की त्यांनी ब्रिटनच्या हवाई दलाच्या, म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या, राखीव दलात भरती व्हावं. म्हणजे ब्रिटनच्या राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायची. पोलिश वैमानिकांना हे झोंबलं. त्यांनी शपथ एकदा घेतलेली होती, आपल्या देशाची. पोलंड नकाशावरून पुसला असला तरी त्याचं सरकार लंडनमध्ये होतं आणि जनरल सिकोर्स्की त्याचे पंतप्रधान होते. अखेर ५ ऑगस्ट १९४० च्या करारात मार्ग निघाला. पोलिश हवाई दल हे स्वतंत्र देशाचं सैन्य राहील. झेंडा त्यांचा, शपथ त्यांची, टोपीवरचा गरुड त्यांचा. फक्त लढाईतले हुकूम रॉयल एअर फोर्स देईल. विमानं ब्रिटनची, आणि सगळा खर्च पोलिश सरकारच्या नावावर उधार. पाहुण्याला जेवू घालायचं आणि ताटाचं बिल लिहून ठेवायचं, असा तो रोखठोक व्यवहार होता.

त्यामुळे सुरुवातीच्या पोलिश स्क्वाड्रनांत, म्हणजे विमानांच्या तुकड्यांत, जोडीने कारभार चाले. नॉर्थोल्टला आलेल्या ३०३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनवर रोनाल्ड केलेट हा ब्रिटिश प्रमुख आणि झ्जिस्वाव क्रास्नोदेंब्स्की हा पोलिश. अडचण भाषेची होती. वैमानिकांना पोलिश यायची, अनेकांना फ्रेंच यायची, आणि केलेटलाही मोडकीतोडकी फ्रेंच यायची. म्हणजे इंग्लंडच्या आकाशाचं रक्षण काही काळ फ्रेंचमध्ये समजावून दिलं जात होतं.

भाषेचं एवढं काय घेऊन बसायचं, असं वाटेल. पण १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांपासून ब्रिटन वाचवण्याची जी लढाई झाली, 'ब्रिटनची लढाई', तिचा सगळा डोलारा बोलण्यावर उभा होता. किनाऱ्यावरचे रडार येणारी विमानं टिपत. माहिती फोनने जमिनीखालच्या खोलीत जाई. तिथे मोठ्या टेबलावरच्या नकाशावर लाकडी ठोकळे सरकवले जात. तिथून विमानतळाला फोन, आणि मग नियंत्रक रेडिओवरून उडत्या वैमानिकाला सांगे, कुठल्या दिशेला वळ, किती उंची गाठ. 'एंजल्स फिफ्टीन' म्हणजे पंधरा हजार फूट. यातला एक आकडा चुकीचा ऐकला तर माणूस रिकाम्या आकाशात जाणार, आणि बॉम्बर दुसरीकडून लंडनवर.

म्हणून त्यांना आधी आकडे आणि सांकेतिक शब्द शिकवले. कसे? अक्सब्रिजच्या छावणीत, फुटबॉलच्या मैदानावर, तीनचाकी सायकलींवर बसवून. सायकलीला रेडिओ, होकायंत्र आणि वेग दाखवणारा काटा. कानात इंग्रजी हुकूम येणार आणि त्याप्रमाणे सायकल वळवायची, रांग मोडू द्यायची नाही. डोळ्यांसमोर आणून बघा. पंचविशी-तिशीचे पुरुष, शेकडो तास विमान चालवलेले, सप्टेंबर १९३९ मध्ये शत्रूची विमानं पाडून आलेले, आणि आता मैदानात तीनचाकी मारताहेत. त्यांच्या संतापाची कल्पना करायला पोलिश यायची गरज नाही.

बाकीच्या सवयीही उलट्या करायच्या होत्या. थ्रॉटल म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा. त्यांना शिकवलेल्या पद्धतीत तो मागे ओढला की वेग वाढे, ब्रिटिश विमानात पुढे ढकलला की. किलोमीटरऐवजी मैल, मीटरऐवजी फूट. त्यांच्या जुन्या लढाऊ विमानाची चाकं पोटाखाली कायमची पसरलेली असत, ब्रिटिश हरिकेन विमानाची आत ओढून घ्यायची आणि उतरताना आठवणीने बाहेर काढायची. काही जण विसरले. विमान पोटावर घसरलं आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचं मत पक्कं झालं, की यांना इतक्यात वर पाठवायचं नाही.

३० ऑगस्ट आणि नंतरचे सहा आठवडे

३० ऑगस्ट १९४० ला ३०३ सरावासाठी उडालं होतं. लुदविक पाश्किएविचला दूर शत्रूची विमानं दिसली. त्याने रेडिओवरून प्रमुखाला सांगितलं. उत्तर नाही. तेव्हा तो रांग सोडून सरळ निघाला आणि एक जर्मन विमान पाडून परत आला. शिस्तभंगाबद्दल केलेटने त्याला झापलं आणि लगेच अभिनंदनही केलं. त्याच दिवशी वर शिफारस गेली. दुसऱ्या दिवशी ३०३ लढाईत होतं आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सहा विमानांचा दावा केला. पाश्किएविच आणखी चार आठवडे जगला. २७ सप्टेंबरला तो मारला गेला.

ते इतके परिणामकारक का ठरले, याचं 'पोलिश रक्तातच शौर्य' हे उत्तर मला आळशी वाटतं. खरं कारण साधं आहे. अनुभव. त्या उन्हाळ्यात ब्रिटिश स्क्वाड्रनांत नवी मुलं लढाऊ विमानावर जेमतेम दहा-वीस तास घालवून येत होती. पोलिश वैमानिक दहा वर्षांची सेवा झालेलेही होते. शिवाय त्यांचं जुनं विमान हळू होतं आणि त्याच्या बंदुका हलक्या. लांबून गोळ्या झाडून उपयोग नसे, अगदी अंगाशी जावं लागे. ती सवय त्यांनी आठ मशीनगनवाल्या हरिकेनमध्ये आणली. रडार नसलेल्या देशात वाढल्यामुळे सतत मान फिरवून आकाश चाळायचीही सवय होती. कमीपणातून आलेली ही हत्यारं, आणि ती नेमकी कामाला आली.

नॉर्थोल्टचे प्रमुख स्टॅनली व्हिन्सेंट यांना त्यांचे दावे खरे वाटेनात. एकदा ते स्वतः विमान घेऊन मागोमाग गेले आणि बघून आले. नंतर त्यांची शंका मिटली.

तरीही आकड्यांबद्दल प्रामाणिक राहायला हवं. लढाईच्या काळात ३०३ च्या नावावर १२६ विमानं लागली, सगळ्या स्क्वाड्रनांत सर्वाधिक. युद्धानंतर जर्मन नोंदी ताडून पाहिल्यावर अभ्यासकांनी हा आकडा निम्म्याच्याही खाली आणला. यात थापा नव्हत्या. धूर सोडत खाली जाणाऱ्या एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडलेल्या असतात, तिघांनाही ते आपलं वाटतं. सगळ्याच बाजूंचं असंच झालं. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटनने १८५ विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात साठच्या आसपास पडली होती. कापून कापून उरलेल्या आकड्यानेही ३०३ वरच्या फळीतच राहतं, आणि तेही सहा आठवडेच लढून. त्या लढाईत एकूण १४५ पोलिश वैमानिक होते, ब्रिटिशांनंतरचा सर्वात मोठा गट. ३०३ आणि ३०२ सोडले तर बाकीचे ब्रिटिश स्क्वाड्रनांत विखुरलेले. ते नसते तर निकाल हाच लागला असता असं म्हणायला मी कचरेन, अशा अर्थाचं त्या लढाईचे सरसेनापती डाउडिंग यांनीच लिहून ठेवलं आहे. 'पोलिशांनी ब्रिटन वाचवलं' हे मात्र कोणी म्हणत असेल तर ती फेकाफेक.

३०३ च्या एका वैमानिकाला आठवणीची काळजी तेव्हाच लागली होती. मिरोस्वाव फेरिच. १९३९ च्या सप्टेंबरपासून तो वही लिहीत होता. नॉर्थोल्टला त्याने नियमच केला, जो लढून आला त्याने आपल्या हाताने लिहायचं. कंटाळा करणाऱ्यांच्या मागे तो वही घेऊन फिरे. त्यामुळे एकेका पानावर एकेकाचं अक्षर आहे. २६ सप्टेंबर १९४० ला राजा सहावा जॉर्ज नॉर्थोल्टला आला, तर याने त्याच्यापुढेही वही धरली, आणि राजाने सही केली. फेब्रुवारी १९४२ मध्ये फेरिचचं स्पिटफायर विमान हवेतच मोडलं आणि नॉर्थोल्टच्याच धावपट्टीवर कोसळलं. वही पुढे इतरांनी चालवली.

लढाऊ वैमानिकांच्या कथा रंगतात म्हणून बाकीचे मागे पडतात. ३०० ते ३०९ आणि ३१५ ते ३१८ एवढी पोलिश स्क्वाड्रनं पुढे उभी राहिली. त्यांतली चार बॉम्बरची. रात्री सात-आठ तास अंधारात उडून परत यायचं किंवा नाही यायचं. पोलंडचे दिवंगत नेते मार्शल पिउसुद्स्की यांची मुलगी याद्विगा कारखान्यातून विमानं उचलून विमानतळांवर पोचवत होती. आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा शहर जर्मनांविरुद्ध उठलं, तेव्हा इटलीतल्या ब्रिंदिसीहून पोलिश, ब्रिटिश आणि दक्षिण आफ्रिकी दलं शस्त्रं टाकायला निघाली. जाऊन-येऊन अडीच हजार किलोमीटरच्या वर अंतर. जवळच सोव्हिएत विमानतळ होते, पण स्टालिनने त्यांना उतरू दिलं नाही. पाच वर्षांनी आपलं गाव दिसलं ते वरून आणि जळताना.

गरज सरो

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथे चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांनी युद्धानंतरचा नकाशा ठरवला. पोलंडचा पूर्वेचा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि उरलेल्यावर त्याचं वजन राहिलं. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. म्हणजे वैमानिक ज्या सरकारच्या नावाने लढत होते ते कागदावर उरलंच नाही. ल्वूफ किंवा विल्नोकडच्या वैमानिकाचं तर घरच दुसऱ्या देशात गेलं.

८ जून १९४६ ला लंडनमध्ये विजयाचं संचलन झालं. ब्रिटनबरोबर लढलेल्या पोलिश सैन्याला स्टालिनच्या नाराजीच्या भीतीने वेळेवर बोलावणं नव्हतं. 'ब्रिटनच्या लढाई'तल्या काही पोलिश वैमानिकांना तेवढं आमंत्रण होतं. आमच्या पायदळाला आणि नौदलाला नाही, तर आम्हालाही नको, म्हणून ते गेले नाहीत. गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण लावताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. याच ब्रिटनने १९४७ मध्ये खास कायदा करून या माणसांना राहण्याचा, काम करण्याचा हक्क दिला. लाखाहून जास्त पोलिश माणसं त्यामुळे तिथे राहिली. कामगार संघटना कुरकुरत होत्या, पण कायदा झाला.

जे परत गेले त्यांचं काय झालं, हे स्तानिस्वाव स्काल्स्कीकडे पाहून कळतं. पोलंडच्या सर्वात यशस्वी लढाऊ वैमानिकांतला तो एक. १९४७ मध्ये मायदेशी गेला. १९४८ मध्ये त्याला पकडलं, पाश्चिमात्यांचा हेर ठरवलं आणि फाशी सुनावली. पुढे ती जन्मठेपेवर आली आणि १९५६ मध्ये तो सुटला. ज्या देशासाठी लढला तिथे त्याचं शौर्य पुरावा म्हणून वापरलं गेलं, त्याच्याच विरुद्ध. त्यामुळे या वैमानिकांची आठवण ठेवायला एकच जागा उरली, परदेश.

नॉटिंगहॅमशरमध्ये नेवार्क नावाचं गाव आहे. भोवतालच्या विमानतळांवरून उडालेल्या सुमारे चारशे पोलिश वैमानिकांची दफनभूमी तिथे आहे. ब्रिटिश सैनिकांच्या थडग्यांचा दगड वर गोलसर असतो, पोलिश थडग्यांचा निमुळता, टोकदार. एवढ्यावरून लांबून ओळख पटते. १९४३ च्या विमान अपघातात गेलेले जनरल सिकोर्स्कीही इथेच होते. स्वतंत्र पोलंडमध्ये नेईपर्यंत, म्हणजे १९९३ पर्यंत. पोलिश लोक नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवशी थडग्यांवर दिवे लावतात, आपल्या सर्वपित्रीसारखी ती तिथली मोठी तिथी. नेवार्कला दर वर्षी त्या सुमाराला लोक जमतात. काचेच्या भांड्यातली मेणबत्ती वाऱ्यात विझू नये म्हणून तिला टोपण असतं. इंग्लंडच्या नोव्हेंबरात त्याची गरज पडते.

आठवण धूसर झाली की तिचा वापर कोणीही करतो. २००९ च्या युरोपीय निवडणुकीत, परदेशातून आलेल्यांना विरोध हाच ज्यांचा कार्यक्रम, त्या ब्रिटिश नॅशनल पार्टीने प्रचाराच्या फलकावर अभिमानाने एक स्पिटफायर छापलं. जाणकारांनी शेपटाजवळची अक्षरं वाचली: आरएफ. ती ३०३ ची खूण. विमान पोलिश स्क्वाड्रनचं निघालं. आणि २०१७ मध्ये रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाने लोकांना त्यांचा आवडता स्पिटफायर वैमानिक निवडायला सांगितलं, तेव्हा लाखोंच्या मतांनी निवडून आले फ्रान्चिशेक कोर्नित्स्की. वयाच्या सव्विसाव्या वर्षी स्क्वाड्रन सांभाळलेले, तेव्हा शंभरीचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले.

या गोष्टीचं एक टोक कोल्हापुरात आहे, आणि ते ओढूनताणून आणलेलं नाही. सोव्हिएत फौजांनी १९४० मध्ये पूर्व पोलंडमधून लाखो लोक सैबेरियाकडे नेले होते. ते सुटले तेव्हा धडधाकट पुरुष सैन्यात गेले. त्यांतल्या काहींना थेट ब्रिटनमधल्या पोलिश हवाई दलात पाठवलं. बायका-मुलं-म्हातारे इराणमार्गे बाहेर पडले आणि त्यांतले सुमारे पाच हजार १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. कौलारू बराकी, शाळा, चर्च. युद्ध संपल्यावर इथल्या बऱ्याच कुटुंबांना जाण्यासारखी एकच जागा होती: नवरा, बाप किंवा भाऊ पोलिश सैन्यातून जिथे उतरला तो ब्रिटन.

१९४७-४८ मध्ये बोटी निघाल्या. पंचगंगेकाठच्या उन्हात वाढलेली मुलं इंग्लंडच्या थंडीत उतरली आणि त्यांना राहायला मिळाल्या रिकाम्या झालेल्या विमानतळांवरच्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या. पिंप उभं चिरून आडवं ठेवावं तशा. मधे एक शेगडी, भिंतींवर दव. त्याच झोपड्यांत चार वर्षांपूर्वी वैमानिक झोपत होते. दारासमोरच्या धावपट्टीवर आता गवत उगवलं होतं आणि मुलं तिच्यावर सायकल शिकत होती.